मेणाच्या नळकांड्यापासून संगणकापर्यंत : घरगुती ध्वनिमुद्रणाचा इतिहास आणि नवोदिताची साधननिवड

१. प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांमध्ये ध्वनी हे बरेच उशिरा हाती आलेले साधन होय. शिलालेख, ताम्रपट, बखरी, दप्तरे यांची परंपरा शतकांची आहे; परंतु बोललेला शब्द जसाच्या तसा जपून ठेवणे मानवाला १८७७ पर्यंत शक्य झाले नव्हते. त्यानंतरही ध्वनिमुद्रण कोणी करावे, कोणाचे करावे आणि कोठे करावे, हे प्रश्न प्रामुख्याने यंत्राची किंमत व त्याची मालकी यांवरून ठरत आले. आज संगणक व भ्रमणध्वनी यांमुळे ध्वनिमुद्रण घरोघरी पोहोचले आहे. २०२० मधील कोविड-१९ महासाथीच्या काळात असंख्य प्राध्यापकांनी आपल्या घरातील एका कोपऱ्यातून व्याख्याने मुद्रित केली. मौखिक इतिहास, लोकसाहित्य, बोलींचा अभ्यास आणि संगीत या विषयांचे विद्यार्थी स्वतःची साधने विकत घेऊ लागले आहेत.

परंतु साधने सुलभ झाली म्हणून निवड सुलभ झाली असे म्हणता येत नाही. नवोदित व्यक्ती बहुधा सर्वांत महाग किंवा सर्वाधिक जाहिरात झालेला मायक्रोफोन खरेदी करते आणि हाती मात्र पंख्याची घरघर व भिंतींचा घुमारा येतो. व्याख्यान पुन्हा देता येते, गाणे पुन्हा गाता येते. परंतु ऐंशी वर्षांच्या व्यक्तीने एकदाच मोकळेपणाने सांगितलेली आठवण पुन्हा मिळेलच याची शाश्वती नसते. म्हणूनच साधननिवडीचा प्रश्न केवळ हौसेचा नसून तो साधनसंरक्षणाचा, पर्यायाने इतिहासलेखनाचा प्रश्न आहे. या दृष्टीने घरगुती ध्वनिमुद्रणाच्या इतिहासाचा आढावा घेऊन त्यातून नवोदितासाठी काही निकष मिळतात काय, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे

१) घरगुती ध्वनिमुद्रणाच्या तंत्राचा ऐतिहासिक विकास अभ्यासणे.
२) प्रत्येक टप्प्यावर ध्वनिमुद्रणाची मर्यादा कोणत्या घटकाने ठरवली हे तपासणे.
३) महाराष्ट्रातील मौखिक परंपरांच्या जतनाशी या विकासाचा असलेला संबंध स्पष्ट करणे.
४) नवोदित ध्वनिमुद्रकासाठी साधननिवडीचे निकष मांडणे.

३. अभ्यास पद्धती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून, जेथे आवश्यक वाटले तेथे प्रस्तुत लेखकाच्या क्षेत्रकार्यातील अनुभवाचा आधार घेतला आहे.

४. घरगुती ध्वनिमुद्रणाचा विकास

४.१ घरात आलेले व घराबाहेर गेलेले यंत्र

थॉमस एडिसन याने १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला. पुढील वर्षी त्याने या यंत्राचे जे संभाव्य उपयोग प्रसिद्ध केले, त्यांत पत्रलेखन, अंधांसाठी बोलकी पुस्तके यांबरोबरच कुटुंबातील व्यक्तींचे आवाज, इतकेच नव्हे तर मरणासन्न व्यक्तीचे अखेरचे शब्द जपून ठेवणे याचाही समावेश होता. म्हणजेच घरगुती स्मृतिसंग्रह ही कल्पना ध्वनिमुद्रणाच्या जन्मापासूनच त्याच्यासोबत आहे. मेणाच्या नळकांड्यांवर चालणाऱ्या यंत्रात मुद्रण व श्रवण ही दोन्ही कार्ये होत असत. नळकांड्याचा पृष्ठभाग तासून ते पुन्हा वापरताही येत असे.

एमिल बर्लिनर याने १८८७ मध्ये सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचे तंत्र मांडले. तबकडीच्या प्रती साच्यातून मोठ्या संख्येने काढणे सोपे होते. त्यामुळे व्यापाराच्या स्पर्धेत तबकडी विजयी झाली. परंतु ग्राहकाच्या घरातील ग्रामोफोन केवळ ऐकण्याचे यंत्र होते. त्यावर स्वतःचा आवाज मुद्रित करता येत नसे. अशा रीतीने ध्वनिमुद्रण घराबाहेर, कंपनीच्या हाती गेले. फ्रेड गैसबर्ग याने १९०२ मध्ये कलकत्ता येथे गौहर जान यांचे गायन मुद्रित केले, ते याच व्यवस्थेचा भाग म्हणून. कर्ण्यासमोर मोठ्याने गावे लागे आणि सुमारे तीन मिनिटांत राग संपवावा लागे. कोणता कलावंत मुद्रित व्हावा हे कंपनीने ठरवावे आणि रसिकाने ऐकावे, अशी श्रमविभागणी त्यातून रूढ झाली.

४.२ चुंबकीय फीत

डेन्मार्कच्या वाल्डेमार पौल्सन याने १८९८ मध्ये पोलादी तारेवर चुंबकीय मुद्रण करून दाखविले. फ्रिट्झ फ्लॉयमर याने १९२८ मध्ये जर्मनीत चुंबकीय भुकटीचा लेप दिलेली फीत तयार केली आणि १९३५ मध्ये बर्लिन येथील रेडिओ प्रदर्शनात मॅग्नेटोफोन हे यंत्र जनतेसमोर आले. दुसऱ्या महायुद्धानंतर जॅक मलिन या अमेरिकन अभियंत्याने जर्मनीतून अशी यंत्रे अमेरिकेत नेली. त्यांच्या आधारे अॅम्पेक्स कंपनीचे यंत्र १९४८ मध्ये बाजारात आले.

फितीने दोन मूलभूत बदल घडविले. एक म्हणजे चुकलेला भाग कापून जोडता येऊ लागला. दुसरे म्हणजे एका आवाजावर दुसरा आवाज चढवता येऊ लागला. लेस पॉल या गिटारवादकाने आपल्या घरी केलेले प्रयोग या दृष्टीने महत्त्वाचे ठरतात. स्टुडिओ ही इमारत नसून ती एक कार्यपद्धती आहे, हे त्याने आपल्या कृतीने दाखवून दिले.

महाराष्ट्रातही स्पूलच्या टेपरेकॉर्डरने एक वेगळे कार्य केले. खाजगी मैफलींना जाणाऱ्या काही सधन रसिकांनी अशा यंत्रांवर गायकांचे तासनतास मुद्रण केले. तीन मिनिटांच्या तबकडीत न मावणारा विलंबित ख्याल या फितींमुळे टिकला. त्यांपैकी काही फितींच्या पुढे प्रती निघाल्या, तर काही दमट हवेने व बुरशीने कपाटातच नष्ट झाल्या. मुद्रण आणि जतन ही दोन भिन्न कार्ये आहेत, ही जाणीव येथे ठेवावी लागते.

४.३ कॅसेटचे युग

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बर्लिन येथे कॉम्पॅक्ट कॅसेट सादर केली. ती प्रथमतः श्रुतलेखनासारख्या साध्या कामासाठी होती; संगीतासाठी तिचा दर्जा अपुरा मानला जाई. तथापि स्वस्ताई, लहान आकार आणि पुन्हा मुद्रण करण्याची सोय यांमुळे ती सर्वत्र पसरली. भारतात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९८० च्या दशकात कॅसेटने तबकडीच्या कंपन्यांची मक्तेदारी मोडली. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात उत्तर भारताच्या संदर्भात ही प्रक्रिया तपशिलाने मांडली आहे. महाराष्ट्रात भक्तिगीते, लोकगीते आणि भीमगीते यांच्या कॅसेटी याच मार्गाने जत्रांत, दीक्षाभूमीवर व गावोगावच्या दुकानांत पोहोचल्या. ज्या आवाजांना तबकडीच्या काळात अत्यल्प स्थान होते, त्यांना कॅसेटने स्थान दिले.

घरगुती ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीने १९७९ हे वर्ष महत्त्वाचे होय. या वर्षी टिअॅक कंपनीने पोर्टास्टुडिओ १४४ हे यंत्र आणले. नेहमीच्या कॅसेटवर एकाच दिशेने चार स्वतंत्र मार्ग मुद्रित करण्याची आणि ते एकत्र मिसळण्याची सोय त्यात होती. दर्जा सुधारण्यासाठी फीत दुप्पट वेगाने फिरत असे. ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकन गायकाने १९८२ च्या जानेवारीत न्यू जर्सीतील आपल्या घरी याच यंत्रावर, शुअर एसएम ५७ या साध्या मायक्रोफोनांच्या साहाय्याने काही गीते मुद्रित केली. ती वादकवृंदासाठी कच्चा मसुदा म्हणून होती. पुढे स्टुडिओत तीच गीते पुन्हा मुद्रित करूनही मूळचा परिणाम साधेना. अखेर घरगुती फीतच ‘नेब्रास्का’ या नावाने त्याच वर्षी प्रसिद्ध करण्यात आली. महाग साधन म्हणजे उत्तम मुद्रण हे समीकरण येथे मोडले.

४.४ मायक्रोफोनचे सुलभीकरण

यंत्राच्या इतिहासात मायक्रोफोनकडे अनेकदा दुर्लक्ष होते. व्यावसायिक स्टुडिओतील कंडेन्सर मायक्रोफोन दीर्घकाळ महागच राहिले. १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेत गेऱ्हार्ट सेस्लर व जेम्स वेस्ट यांनी पातळ पटलाच्या इलेक्ट्रेट मायक्रोफोनचा शोध लावला. यात विद्युत्भार पदार्थातच कायम साठवलेला असल्याने मायक्रोफोन लहान व अतिशय स्वस्त झाला. पुढे कॅसेट रेकॉर्डर, दूरध्वनी व सदऱ्याला लावावयाचे मायक्रोफोन यांत तोच वापरला गेला. १९६६ मध्ये नॉयमन कंपनीने नॉर्वेच्या नभोवाणीसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा मायक्रोफोनच्याच तारेतून देण्याची पद्धती आणली. आज कोणत्याही लहान ऑडिओ इंटरफेसवर ‘४८ व्होल्ट’ असे लिहिलेले जे बटण दिसते, त्याचा उगम येथे आहे.

४.५ अंकीय क्रांती

१९८२ मध्ये आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने सेकंदाला ४४,१०० नमुने व १६ बिट हे प्रमाण रूढ केले. १९९१ मध्ये घोषित झालेल्या एडॅट यंत्राने व्हिडिओ कॅसेटवर आठ मार्गांचे अंकीय मुद्रण आणले आणि त्याच वर्षी प्रो टूल्स ही संगणकीय प्रणालीही बाजारात आली. इ.स. २००० मध्ये ऑडॅसिटी ही विनामूल्य संगणकप्रणाली उपलब्ध झाली. यूएसबी जोडणीमुळे संगणकाचे आवरण न उघडता बाहेरून ऑडिओ इंटरफेस जोडता येऊ लागला. १९७९ मध्ये चार मार्गांसाठी स्वतंत्र यंत्र लागे. आज सामान्य संगणकावर मार्गांची संख्या हा प्रश्नच उरलेला नाही. बिली आयलिश या गायिकेचा २०१९ मधील पहिला पूर्ण संग्रह प्रामुख्याने तिच्या भावाच्या, लॉस एंजेलिस येथील घरातील शयनगृहात मुद्रित झाला आणि त्याला पुढील वर्षी ग्रॅमी पारितोषिके मिळाली.

५. मौखिक परंपरेचे जतन आणि महाराष्ट्र

जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या अनुषंगाने विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांत भारतातील अनेक भाषा व बोलींचे नमुने तबकड्यांवर मुद्रित झाले. ते शासनाच्या यंत्रणेने झाले. याउलट हेमा राईरकर व गी प्वातव्हँ यांनी पुण्यातून चालविलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात महाराष्ट्राच्या खेड्यांतील स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने त्यांतील काही ओव्यांचे शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रणही झाले. जाते जसजसे घरातून नाहीसे झाले तसतशी ओवी गाण्याची नैसर्गिक संधीही संपली. त्यामुळे हे मुद्रण त्या दशकांत झाले नसते तर पुढे ते त्या स्वरूपात होणे कठीण होते. हा संग्रह पुढे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाकडे आला व २०१७ पासून सर्वांना ऐकण्यासाठी खुला होऊ लागला.

मीना मेनन व नीरा आडारकर यांनी गिरणगावातील कामगार, कलावंत व कार्यकर्ते यांच्या मुलाखतींवर आधारलेला मौखिक इतिहास २००४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. १९८२ च्या गिरणी संपानंतर विखुरलेल्या समाजाचा इतिहास कागदपत्रांइतकाच आवाजांत होता, हे या कार्याने सिद्ध झाले. अशा कार्याची आज महाविद्यालयीन पातळीवर मोठी गरज आहे आणि ते करणारा ध्वनिमुद्रक बहुधा नवोदितच असणार आहे.

६. एक क्षेत्रानुभव

एम.फिल.च्या प्रबंधासाठी प्रस्तुत लेखकाने एका निवृत्त गिरणी कामगाराची मुलाखत घेतली होती. वर पत्र्याचे छप्पर, डोक्यावर पंखा आणि समोर रस्ता. नवा कंडेन्सर मायक्रोफोन टेबलावर, वक्त्यापासून सुमारे एक मीटर अंतरावर ठेवला होता. हेडफोन जवळ नसल्याने मुद्रण चालू असताना ते ऐकून पाहिले नाही. अडीच तासांच्या मुलाखतीतील निम्म्याहून अधिक भाग लिहून काढता आला नाही. संपाच्या काळातील त्यांच्या चाळीतील घडामोडींचा भाग नेमका त्यात होता. दुसऱ्यांदा भेटीस जाण्यापूर्वी त्यांचे निधन झाले. दोष मायक्रोफोनचा नव्हता; तो अंतराचा, पंख्याचा आणि न वापरलेल्या हेडफोनचा, म्हणजेच प्रस्तुत लेखकाचा होता.

७. नवोदितासाठी साधननिवडीचे निकष

वरील इतिहासावरून असे दिसते की, प्रत्येक काळात मुद्रणाचा दर्जा साखळीतील सर्वांत दुबळ्या कडीने ठरविला. १९०२ मध्ये ती कडी कर्णा होती, १९६३ मध्ये कॅसेटची फीत होती. आज यंत्र ही दुबळी कडी राहिलेली नाही. ती जागा खोलीने व मायक्रोफोनच्या मांडणीने घेतली आहे. त्यानुसार पुढील क्रम सुचवावासा वाटतो.

अ) उद्देश : एकट्याचे व्याख्यान, दोघांची मुलाखत व संगीत यांच्या गरजा भिन्न आहेत. व्याख्यानासाठी थेट संगणकास जोडता येणारा यूएसबी मायक्रोफोन पुरेसा ठरतो. मात्र असे दोन मायक्रोफोन एकाच संगणकावर एकत्र चालविणे त्रासाचे असते. म्हणून मुलाखतीसाठी दोघांच्या सदऱ्यांना लावावयाचे दोन मायक्रोफोन किंवा हातात मावणारा स्वतंत्र रेकॉर्डर अधिक सोयीचा. तंबोरा, हार्मोनियम व गायन यांसाठी दोन मार्गांचा ऑडिओ इंटरफेस व त्यास जोडलेले मायक्रोफोन घ्यावेत.

आ) खोली : खर्चापूर्वी खोलीचा विचार करावा. पंखा बंद करणे, शीतकपाटापासून दूर बसणे, जाड पडदे, पुस्तकांची कपाटे, सतरंजी व गोधड्या यांचा वापर करणे, यांस जवळजवळ खर्च नाही. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावल्याने बाहेरचा आवाज थांबतो ही समजूत चुकीची आहे. आवाज अडविण्यासाठी वजनदार व फटी नसलेली भिंत लागते. मऊ वस्तू केवळ आतला घुमारा कमी करतात.

इ) अंतर : मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी ६ डेसिबलने घटते. मायक्रोफोन एक मीटरवरून २० सेंटिमीटरवर आणल्यास वक्त्याचा आवाज सुमारे १४ डेसिबलने वाढतो. पंख्याचा मात्र तेवढाच राहतो. हा लाभ महाग मायक्रोफोन खरेदी करून मिळत नाही. फार जवळ आल्यास एकदिशीय मायक्रोफोनमध्ये खर्ज वाढतो व ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांचे फुत्कार येतात, म्हणून फुत्काररोधक जाळी लावून तोंडाच्या किंचित बाजूस मायक्रोफोन ठेवावा.

ई) मायक्रोफोनचा प्रकार : डायनॅमिक मायक्रोफोन दणकट असतो व त्यास वेगळा विद्युत्पुरवठा लागत नाही, तो जवळून वापरल्यास गोंगाटाच्या खोलीतही चांगले काम देतो. कंडेन्सर मायक्रोफोन अधिक संवेदनशील असून शांत खोलीत वाद्यांच्या बारकाव्यांसाठी योग्य ठरतो, परंतु तो खोलीतील दोषही तितक्याच प्रामाणिकपणे टिपतो. त्यासाठी ४८ व्होल्टची सोय इंटरफेसवर आहे की नाही हे पाहून घ्यावे.

उ) श्रवण : प्रथम कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्यावेत. स्टुडिओचे लाऊडस्पीकर नंतर. कारण लहान व घुमणाऱ्या खोलीत ते ऐकणाऱ्याची दिशाभूल करतात. मुद्रणापूर्वी किमान दोन मिनिटे मुद्रित करून हेडफोनवर ऐकणे हा नियमच असावा.

ऊ) मुद्रणाचे प्रमाण : जतनासाठी सेकंदाला ४८,००० नमुने व २४ बिट हे प्रमाण ठेवावे, ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने हेच किमान प्रमाण म्हणून सुचविले आहे. एका मार्गाच्या एका तासाच्या मुद्रणास सुमारे ५२० मेगाबाइट जागा लागते. मूळ प्रत एमपी ३ स्वरूपात नव्हे, तर असंपीडित वेव्ह स्वरूपात ठेवावी. २४ बिटमध्ये वाव भरपूर असल्याने आवाजाचा उच्चतम बिंदू कमाल मर्यादेच्या १२ ते ६ डेसिबल खाली राहील असे पाहावे. एकदा फाटलेला आवाज पुन्हा पूर्ववत होत नाही.

ए) जतन : किमान तीन प्रती, दोन भिन्न माध्यमांवर आणि त्यांपैकी एक अन्य ठिकाणी ठेवावी. वक्त्याचे नाव, स्थळ, दिनांक व त्याची संमती प्रारंभीच मुद्रित करावी. नावनोंदणी नसलेला आवाज काही वर्षांनी अनाथ होतो.

८. निष्कर्ष

१) ध्वनिमुद्रण हे जन्मतः घरगुतीही होते; तबकडीच्या व्यापाराने ते घराबाहेर नेले आणि फीत, कॅसेट व संगणक यांनी ते टप्प्याटप्प्याने परत आणले.
२) यंत्र स्वस्त होण्याच्या प्रत्येक टप्प्यावर पूर्वी वगळले गेलेले आवाज मुद्रित झाले. महाराष्ट्रातील कॅसेटी हे त्याचे ठळक उदाहरण होय.
३) आजच्या काळात मुद्रणाची मुख्य मर्यादा यंत्राची नसून खोली, अंतर व श्रवण यांची आहे.
४) नवोदिताने उद्देश, खोली, मायक्रोफोन, इंटरफेस, हेडफोन व शेवटी लाऊडस्पीकर या क्रमाने विचार करावा आणि जतनाची तरतूद खरेदीपूर्वीच करावी.

९. समारोप

भाषा, इतिहास व संगीत विभागांनी एकत्रितपणे एक साधा संच घेतला, तरी विद्यार्थी आपल्याच गावातील ज्येष्ठांचे आवाज जपू शकतील. त्यासाठी वेगळी इमारत लागत नाही. एक शांत खोली, एक जवळ ठेवलेला मायक्रोफोन आणि कानावर हेडफोन लावून लक्षपूर्वक ऐकणारी एक व्यक्ती एवढे पुरेसे आहे. एडिसनने १८७८ मध्ये कुटुंबाच्या आवाजसंग्रहाची जी अपेक्षा मांडली होती, ती पूर्ण करण्याची साधने आज आपल्या हाती आहेत; ज्यांचे आवाज नोंदवावयाचे ती पिढी मात्र फार काळ थांबणारी नाही.